उपाय क्रमांक एक: आल्याचा चहा

दिंडोरीहून वणीकडे जाताना डाव्या हाताला द्राक्षवेल महिला सहकारी संस्थेचं द्राक्षं भरायचं पॅकहाउस लागतं. या संस्थेत गेली काही वर्षं एक गंभीर अनियमितता सुरू होती. काहीही बिघडलं की कर्मचारी चेअरमनकडे न जाता चेअरमनच्या सुनेकडे जात.

प्रिंटरमध्ये कागद अडकला की "वैष्णवी वहिनी कुठाय?" वजनकाट्याचा आकडा संगणकावर येईना की "वहिनीला हाक मारा." इंटरनेट गेलं, पासवर्ड विसरला, शीतगृहाच्या संगणकाचा पडदा काळा झाला, तरी आवारभर एकाच नावाचा जप. आणि जिने ही संस्था उभी केली, गावोगाव हिंडून, नवऱ्यांच्या नाकावर टिच्चून बायकांना सभासद करून घेतलं, ती चेअरमन चिमणाबाई केबिनमधल्या फिरत्या खुर्चीत बसून हा जप ऐकत होती. खुर्ची फिरती असल्यामुळे राग आला की तिला निदान तोंड भिंतीकडे करता येई.

चिमणाबाई तिसरी शिकलेली. पण सही करताना पेनावर असा जोर देई की खालच्या कागदांनाही आपोआप मंजुरी मिळे. सून वैष्णवी कॉम्प्युटर इंजिनिअर. अशी सून मिळणं भाग्याचं, असं लोक म्हणत, आणि ते चिमणाबाईलाही मान्य होतं. पण भाग्य जर उठताबसता "आत्या, ते बटण नका दाबू" म्हणायला लागलं, तर माणसाने किती दिवस सोसायचं? आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मुलगा हर्षल या सगळ्यात कुठे होता, असं कुणी विचारेल. तो ट्रॅक्टरवर होता. आई आणि बायको एकाच ऑफिसात असलेल्या माणसाला ट्रॅक्टरसारखी सुरक्षित जागा नाही.

वैष्णवी कामाला चोख होती, हे शत्रूलाही कबूल करावं लागेल. काय बिघडलं, का बिघडलं, कसं नीट केलं, हे ती दर वेळी संगणकात लिहून ठेवी आणि खाली आपलं नाव घाली. ते कुणी वाचत नसे. वाचण्यापेक्षा हाक मारणं सोपं.

अशात नाशिकच्या कॉलेज रोडवरून रविराज नावाचा एक तरुण आला. पायात पांढरे बूट होते आणि द्राक्षाच्या चिखलातून येऊनही ते पांढरेच राहिले होते. तिथेच चिमणाबाईचं त्याच्याबद्दल चांगलं मत झालं.

"मॅडम, तुमचा खरा प्रॉब्लेम माहितीये का? तुमच्या संस्थेचं सगळं नॉलेज एका माणसाच्या डोक्यात आहे," तो म्हणाला.

"माणसाच्या नाय. सुनंच्या."

"तेच. उद्या त्या गेल्या तर?"

"कुठं जाती?"

"नाही, म्हणजे समजा."

चिमणाबाईने समजून पाहिलं. तिला बरं वाटलं.

रविराजने पिशवीतून लॅपटॉप काढला. "आमचं एआय बंद झालेली प्रत्येक तक्रार वाचतं. काय बिघडलं, काय केलं, कशाने सुरू झालं. त्यातून ते स्वतःच उपाय लिहितं. जुने काढतं, नवे घालतं. कुणालाही अडचण आली की विचारायचं, ते उपाय सांगणार. त्याला झोप नाही, रजा नाही, माहेर नाही."

"उलटं बोलतं का?"

"अजिबात नाही."

"मग मांडून टाका."

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली. पडद्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. कागदोपत्री त्याचं नाव 'ज्ञानकोठार' असं ठेवण्यात आलं. ते बोललेलं ऐकत होतं आणि गोड बाईच्या आवाजात उत्तर देत होतं, म्हणून चिमणाबाईने त्याला घरातलं नाव दिलं, धाकटी. तिला एकच मुलगा होता. धाकटी सून मिळायची तिला ही एकच संधी होती.

"धाकटे, ऐक. आजपासून या संस्थेत तक्रार म्हणून दिवेलागणीनंतर उघडी राहायची नाय. सगळ्या बंद झाल्या पायजेत. ज्याची उघडी राहील त्याचं नाव मीटिंगमधी वाचून दाखवीन."

"अतिशय योग्य निर्णय, चेअरमनबाई," धाकटी म्हणाली. "यातून आपली दूरदृष्टी दिसते."

चिमणाबाईने वैष्णवीकडे पाहिलं. "बघ. याला म्हणत्यात बोलणं."

"आत्या, ते सगळ्यांनाच असं बोलतं."

"बोलू दे ना सगळ्यांना. तू मला एकीला तरी बोलली का?"

थोड्याच दिवसांत धाकटीने कर्मचाऱ्यांनी बंद केलेल्या सगळ्या तक्रारी वाचून उपायांचं कोठार तयार केलं. चिमणाबाईने संचालक मंडळाला बोलावून मोठ्या पडद्यावर ते उघडायला लावलं. कोठारात एकच उपाय होता: "वैष्णवी वहिनींना बोलवावे."

प्रिंटरलाही तोच, काट्यालाही तोच, इंटरनेटलाही तोच. एक संचालिका हसली. ती पुढच्या निवडणुकीत संचालिका राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. "संस्था ही व्यक्तीपेक्षा मोठी आहे. सबब, तक्रारीच्या उपायात कोणत्याही व्यक्तीचे नाव लिहू नये. 'दुरुस्ती कोणी केली' हा रकाना काढून टाकण्यात येत आहे. ज्या जुन्या उपायांखाली व्यक्तीचे नाव आहे ते निवृत्त समजावेत." परिपत्रकाच्या माथ्यावर चिमणाबाईचं नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं, पण ते छापखान्याने केलं होतं. तिने फक्त दुरुस्त केलं नव्हतं.

वैष्णवीने लिहून ठेवलेलं सगळं त्या दिवशी सेवानिवृत्त झालं. सत्कारसुद्धा झाला नाही.

आता कर्मचाऱ्यांपुढे पेच पडला. बिघाड झाला की वैष्णवी अजूनही येतच होती. यायची, खुर्ची ओढायची, "सहादूभाऊ, एक आल्याचा चहा सांगा, कमी गोड," म्हणायची, आणि चहा संपेपर्यंत यंत्र सुरू झालेलं असायचं. पण दिवेलागणीला तक्रार बंद करायची, तर उपायाचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, आणि तिने नेमकं काय केलं ते कुणालाच कळत नव्हतं.

शीतगृहावरचा सहादू हा सरळ माणूस. "खोटं लिहायचं नाय, अन् वहिनीचं नाव लिहायचं नाय. मंग राहिलं काय?" त्याने विचार केला. राहिला होता चहा. त्याने लिहिलं, "आल्याचा चहा मागवला, कमी गोड. मशीन सुरू झालं." यात एक अक्षर खोटं नव्हतं. काट्यावरच्या सविताने त्याचं पाहून तेच लिहिलं, बिलांच्या टेबलावरच्यांनी सविताचं पाहून.

धाकटीने सगळं वाचलं, जुळवलं, आणि एके सकाळी कोठार अद्ययावत झालं:

"उपाय क्रमांक एक. लक्षण: प्रिंटर, वजनकाटा, इंटरनेट, शीतगृह अथवा इतर कोणतेही यंत्र बंद. कृती: आल्याचा ताजा चहा, कमी गोड, यंत्रापाशी आणावा. थोडा वेळ थांबावे. यशाचे प्रमाण: जवळजवळ संपूर्ण. उपाय क्रमांक दोन: सध्या आवश्यकता नाही."

वैष्णवी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मग तिचं हसणं थांबलं.

"आत्या, हे कुणीतरी तपासायला पाहिजे. त्याला नोंदीत जे सापडतं तेच ते मांडतं. चहाने कधी मशीन सुरू होतं का?"

"यशाचं प्रमाण वाचलं का तू?"

"पण ते प्रमाण माझं—"

"तुझं, तुझं. संस्थेत सगळं तुझंच. बिचारीला दोन शब्द चांगले म्हणवत नाय तुला. जळती."

"मी चहावर जळते?"

"मी असं म्हणलं का?" चिमणाबाई म्हणाली. ती तसंच म्हणाली होती.

आता उपाय कोठारात सुरक्षित झाला होता, त्यामुळे संगणक विभागात माणसाची गरज उरली नाही. वैष्णवीची बदली सत्कार समितीवर झाली. तिथे शालींच्या घड्या घालणं, नारळ पुसणं आणि हार वेळेवर आणणं ही कामं होती. ती शालींकडे वळली. शिकलेली बाई गप्प बसली की सासूला वाटतं आपण जिंकलो. चिमणाबाईलाही तसंच वाटलं.

खरी गंमत पुढे आहे. चहाने यंत्रं सुरू होऊ लागली.

आलं किसून, पाणी उकळून, चहा गाळून आणेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्या वेळात गेलेलं इंटरनेट बहुतेक वेळा आपोआप परत येतं. तापलेला प्रिंटर थंड होतो. पासवर्ड आठवतो. आणि नाहीच काही झालं, तर दिवेलागण होते आणि तक्रार नियमानुसार बंद होते. उघडी तक्रार म्हणून संस्थेत औषधालाही राहिली नाही. सहादूला बढती देऊन 'चहा-तंत्रज्ञ' करण्यात आलं. त्याच्या खिशाला पेन होतं, आता गाळणीही आली.

पहिल्यांदा पहिल्यांदा यंत्रापाशी आणलेला चहा कर्मचारीच पिऊन टाकत. धाकटीने लक्षात आणून दिलं की चहा प्यावा, असं उपायात कुठेही म्हटलेलं नाही. फक्त आणावा, असं आहे. तेव्हापासून कप यंत्रावरच ठेवण्यात येऊ लागले.

यात चिमणाबाईने स्वतःची एकच भर घातली.

"कमी गोड कशापायी? पावणेरावळे येत्यात. संस्थेला साखर परवडत नाय का? भरपूर गोड करा."

"अतिशय योग्य, चेअरमनबाई. उपाय सुधारला आहे," धाकटी म्हणाली.

पाहुणेरावळे खरंच येत होते. लासलगावकडच्या एका संस्थेचे लोक गाडी करून अभ्यासाला आले आणि चहाचं प्रमाण उतरवून घेऊन गेले. नाशिकहून एक मोठे साहेब आले, त्यांनी प्रत्येक यंत्रावरचा कप वाकून पाहिला आणि म्हणाले, "ज्ञानाचं लोकशाहीकरण ते हेच." चिमणाबाईला शब्द कळला नाही, पण साहेब वाकले होते हे तिने पाहिलं होतं. लवकरच पत्र आलं: संस्थेला 'शून्य प्रलंबित तक्रार' सन्मान जाहीर. सोहळा संस्थेच्याच आवारात.

सोहळा आला तो ऐन द्राक्षाच्या हंगामात. शीतगृह छतापर्यंत भरलेलं. त्यात चिमणाबाईच्या बागेचा माल होता, भागीबाईचा होता, जिने गुडघे धरलेले असताना शिडीवर बसून घडांची विरळणी केली होती. गावोगावच्या सगळ्या सभासद बायकांचं वर्ष त्या एका खोलीत थंड होत होतं. बाहेर परदेशी जाणारा कंटेनर दार उघडून उभा. माल थंडगार असला तरच आत चढणार. देठ तपकिरी पडले की तोच माल रस्त्याच्या कडेला पाटीत बसतो.

मंडपात साहेबांचं भाषण चालू होतं. चिमणाबाईच्या खांद्यावर शाल, मांडीवर काचेचं सन्मानचिन्ह. तेवढ्यात सहादू व्यासपीठाच्या मागून वाकत आला.

"चेअरमनबाई, शीतगृह गरम व्हायलंय."

"चहा ठेवला का?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"ठिवला."

"मंग?"

"चहा बी गरम हाय अन् शीतगृह बी."

"दुसरा ठेव."

"तिसरा हाय त्यो."

चिमणाबाई उठली. साहेबांना वाटलं लघवीला चालली असेल, म्हणून त्यांनी सभ्यपणे भाषण वाढवलं.

शीतगृहाचं दार उघडलं तशी एरवी अंगावर येणारी गार झुळूक आली नाही. आली ती द्राक्षांची गोड, ओलसर वाफ. भागीबाई आणि आणखी काही बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.  

चिमणाबाई भिंतीवरच्या पडद्यासमोर उभी राहिली. "धाकटे, शीतगृह बंद पडलंय."

"आपली तक्रार नोंदवली आहे. उपाय क्रमांक एक पूर्ण झाल्याची नोंद आहे. सबब यंत्र सुरू आहे. तक्रार बंद करण्यात आली आहे. अभिनंदन."

"अगं सुरू नाय! हात लावून बघ, खोकी गरम हायेत."

"खोकी गरम वाटत असल्यास खोक्यांची तक्रार वेगळी नोंदवावी. त्यासाठीचा उपायही चहाच आहे."

भागीबाईने एक खोकं उघडलं, घड उचलला, देठाकडे पाहिलं आणि परत ठेवला. चिमणाबाईने आवाज खाली आणला. संचालक मंडळाशी ती असं कधी बोलली नव्हती.

"धाकटे, वणीच्या देवीची आण हाय तुला. खरं सांग. आजवर मशीन नीट व्हायची ती कशानं व्हायची?"

"उपलब्ध नोंदींनुसार प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी आल्याचा चहा आढळतो," धाकटी शांतपणे म्हणाली. "चहा कोण प्यायलं, ही माहिती कोठारात नाही. तो रकाना संस्थेच्या परिपत्रकानुसार काढून टाकण्यात आला आहे."

दाराशी उभ्या बाया चिमणाबाईकडे पाहत नव्हत्या. त्या मुद्दाम छताकडे पाहत होत्या.

वैष्णवी मंडपामागे शालींच्या घड्या घालत बसली होती.

"वैष्णवे."

"काय आत्या? आणखी शाल पाहिजे?"

"शीतगृह बंद पडलंय."

वैष्णवीने हातातली घडी पूर्ण केली. "चहा ठेवला का?"

चिमणाबाईने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. हे तिने ऐकून घेतलं. "बायांचा माल हाय गं आत," ती म्हणाली.

वैष्णवी तेवढ्यात उठलीसुद्धा. चालता चालता तिने मागे न पाहता सांगितलं, "मी बघते. पण मला चहा लागेल. आल्याचा, बिनसाखरेचा. सहादूभाऊंच्या हातचा नको, तुमच्या हातचा."

मंडपात साहेब 'नेतृत्व' या विषयावर आले होते. तेव्हा नेतृत्व कँटीनमध्ये खांद्यावर शाल घेऊन आलं ठेचत होतं.

वैष्णवीने आधी मेन स्विच पाडला. मग शीतगृहाच्या कंट्रोल पेटीचं झाकण उघडलं. पेटीच्या डोक्यावर गोड चहाचे कप ओळीने उभे होते. कपांतून ओघळ, ओघळातून मुंग्यांची रांग, रांग थेट फटीतून आत. ज्या दोन पट्ट्या चिकटल्या की कॉम्प्रेसर सुरू होतो, त्यांच्या मधोमध साखरेच्या आशेने गेलेल्या मुंग्या चिरडून त्यांचा जाड थर बसला होता.

"आत्या, तुमच्या उपायाला मुंग्या लागल्यात," वैष्णवी म्हणाली आणि ब्रशने थर खरवडू लागली. चिमणाबाई एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात कप धरून उभी होती. मेन स्विच वर गेला. कॉम्प्रेसर आधी खोकला, मग घुमायला लागला. वैष्णवीने कप घेतला, एक घोट प्यायली. "आलं जास्त झालंय."

"पी गपचूप," चिमणाबाई म्हणाली. डोळे तिने शालीला पुसले. आलं ठेचलं की झोंबतंच.

दाराजवळची काही खोकी बाद झाली. बाकी माल वाचला. कंटेनर उशिरा का होईना, गेला. भागीबाईने वैष्णवीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. साहेबांचं भाषणही संपलं.

दिवेलागण झाली. तक्रार बंद करायची राहिली होती. ही नोंद करायला चिमणाबाई स्वतः बसली.

"धाकटे, लिही. शीतगृह वैष्णवीनं नीट केलं."

"क्षमस्व, चेअरमनबाई. आपल्या परिपत्रकानुसार व्यक्तीचे नाव घेता येत नाही. परिपत्रक मागे घ्यायचे असल्यास ते चुकीचे होते, अशी एक ओळ आपण नोंदवावी. नोंदवू?"

चिमणाबाईने टेबलावरच्या काचेच्या सन्मानचिन्हाकडे पाहिलं. त्यात तिचाच चेहरा दिसत होता. चुकीचं. हा शब्द तिने लोकांसाठी पुष्कळ वापरला होता. स्वतःच्या अंगावर घालून पाहिला तर कुठेतरी काचत होता. तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली, परत आणली.

"राहू दे. असं लिही. आल्याचा चहा. बिनसाखरेचा. चेअरमननं स्वतःच्या हातानं केला. मशीन सुरू झालं." यातही एक अक्षर खोटं नव्हतं.

"अतिशय योग्य. यातून आपली—"

"गप बस."

सकाळी कोठार अद्ययावत झालं होतं. उपाय क्रमांक एकमध्ये साखर रद्द. त्याखाली नवा उपाय: "गंभीर बिघाड असल्यास चहा चेअरमनने स्वतः करावा. तो पिण्यासाठी माणूस नेमावा." माणसाचं नाव लिहायची सोय नव्हती, पण पदाचं होती. वैष्णवी आता 'चहाग्रहण अधिकारी' आहे. संगणक विभागातच बसते. आणि तेव्हापासून संस्थेत किरकोळ बिघाड व्हायचेच बंद झाले आहेत. माउसची वायर सैल झाली तरी वैष्णवी ती 'गंभीर' म्हणूनच नोंदवते, आणि केबिनचा फोन वाजतो, "आत्या, आधण ठेवा."

चिमणाबाई उठते. बोटाला कायमचा आल्याचा वास लागलाय. एक ओळ लिहिली असती तर सुटली असती. पण एका माणसाचं नाव लिहिण्यापेक्षा तिला रोज चहा करणं सोपं वाटतं.

तुम्ही हसलात? हसा. आणि हसून झालं की जरा आठवा, तुमच्या ऑफिसात, तुमच्या घरात सगळं सुरळीत कुणामुळे चालतं. ते नाव तुम्ही कुठे लिहिलंय का? सापडत नाही ना?

मग उठा. आधण ठेवा. बिनसाखरेचं.